चावडीवर कोण उभे होते?



काही वर्षांपूर्वी पेरणीच्या तोंडावर शेजारच्या तालुक्यातील एक आजी कंधारला आमच्याकडे आल्या. बँकेने त्यांना पीक कर्ज नाकारून परत पाठविले होते. संगणकाच्या सातबारावर त्यांच्या नावे ०.१८ हेक्टर, म्हणजे जेमतेम अठरा गुंठे जमीन दिसत होती. आजी म्हणाल्या, "भाऊ, मालकाच्या मागं दोन एकर मीच कसते. बाकीची जमीन कुठं गेली?" त्यांनी पिशवीतून हस्तलिखित सातबारा काढला. त्यावर आकडा होता ०.८१.

आम्ही हिशेबाच्या वह्यांत वाढलेले कारकून. ८१ मधून १८ वजा केले की ६३ उरतात आणि ६३ ला ९ ने पूर्ण भाग जातो. तेरीज जुळत नसेल आणि फरकाला नऊने भाग जात असेल, तर कोणीतरी आकडे उलटे लिहिले असावेत, ही हिशेबनीसांची जुनी खूण आहे. आजींची जमीन कोणी बळकावली नव्हती. दोन बोटे पुढेमागे पडली आणि दीड एकराहून अधिक रान कागदावरून नाहीसे झाले.

असे होऊ नये म्हणून काय करतात? संगणकाच्या क्षेत्रात या प्रश्नाचा मोठा अभ्यास झालेला आहे. अमेरिकेत पिट्सबर्ग येथील कार्नेगी मेलन विद्यापीठातील सॉफ्टवेअर संस्थेत वॉट्स हम्फ्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक मोजपट्टी तयार केली. १९९१ साली ती सी.एम.एम. या नावाने प्रसिद्ध झाली. तिच्या पाच पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीवर काम एखाद्या हुशार माणसाच्या भरवशावर चालते. तो रजेवर गेला की काम अडते. दुसऱ्या पायरीवर एकदा नीट जमलेले काम पुन्हा तसेच करता येते. तिसऱ्या पायरीवर कामाची पद्धत लिहून ठेवलेली असते आणि सारी संस्था ती पाळते. चौथ्या पायरीवर चुका मोजल्या जातात. पाचव्या पायरीवर चुकीचे मूळ शोधून पद्धतच सुधारली जाते.

ही पद्धत घर बांधण्यासारखीच आहे. आधी घरधन्याला काय हवे ते लिहून घ्यायचे, मग आराखडा, मग बांधकाम. एकाने केलेले काम दुसऱ्याने तपासायचे. सारे एकदम न उघडता थोड्या जागी वापरून पाहायचे, मगच सर्वांच्या हाती द्यायचे. पुढे बदल केला तर तो कोणी, केव्हा, कशासाठी केला याची नोंद ठेवायची. पायातली चूक पायातच सापडली तर चार दगड हलवून भागते. स्लॅब पडल्यावर सापडली तर भिंत पाडावी लागते. संगणकाच्या कामातही तेच.

आता आपल्या सातबाराकडे वळू. महाराष्ट्रात ई-फेरफार ही प्रणाली पुण्याच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने तयार केली. परंतु चांगल्या प्रणालीत चुकीची माहिती भरली तर बाहेर चूकच येते. म्हणून हस्तलिखित आणि संगणकीकृत सातबारा तंतोतंत जुळविण्याचे काम शासनाने पायऱ्या पाडून हाती घेतले. आधी 'एडिट'ची सोय दिली. २०१७ साली गावोगावी चावडी वाचन झाले, म्हणजे संगणकाचा सातबारा गावासमोर मोठ्याने वाचायचा आणि लोकांनी चुका सांगायच्या. त्यानंतर 'री-एडिट'ची सोय आली. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १ मे २०१८ पासून मिळू लागला.

आम्हांला या साऱ्यात चावडी वाचनाची पायरी मोलाची वाटते. यंत्र बेरीज तपासते, खरेपण तपासत नाही. गटाचे एकूण क्षेत्र आणि खातेदारांच्या क्षेत्रांची बेरीज जुळली नाही तर यंत्र ओरडते. पण आजींच्या गटात खातेदार एकच. एकूण क्षेत्रही ०.१८ आणि खातेदाराचेही ०.१८. बेरीज जुळली, यंत्र गप्प बसले. दोन एकर की अठरा गुंठे, हे त्या रानात कुळव धरणाऱ्या आजींनाच ठाऊक होते.

मग आजी चावडीवर का नव्हत्या? आम्ही विचारले तेव्हा त्या हसल्या. "चावडीवर आमचं काय काम? आमच्या वस्तीतलं कुणीच गेलं नव्हतं," म्हणाल्या.

वाचकहो, हे उत्तर आमच्या मनातून अजून गेलेले नाही. ज्या चावडीसमोर आपल्या आज्या-पणज्यांनी पायातल्या वहाणा हातात घेतल्या, तिथे आपले नाव वाचले जात असताना आपण घरी बसलो. पद्धत ठरली होती, पायरीही बरोबर होती; पण त्या पायरीवर ज्याने उभे राहायचे तो तिथे नव्हता.

या जमिनी काही सहज मिळालेल्या नाहीत. वतनाच्या गुलामीतून समाज सुटावा म्हणून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक मांडले. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ साली आणि पुन्हा १९६४-६५ साली भूमिहीनांनी सत्याग्रह केला, तुरुंग भरले. गायरान कसणाऱ्यांच्या अतिक्रमणांबाबत १९९१ साली शासन निर्णय निघाला. इतक्या लढ्यांतून सातबारावर चढलेले नाव एका बोटाच्या चुकीने पुसले जात असेल, तर ती राखणही चळवळीचेच काम आहे.

पायरीपायरीने काम कसे करावे हे शिकायला आपल्याला पिट्सबर्गला जायची गरज नाही. संविधानाचा मसुदा कसा तयार झाला ते पाहा. मसुदा समिती १४१ दिवस बसली. २१ फेब्रुवारी १९४८ रोजी मसुदा सादर झाला; तो छापून लोकांपुढे ठेवला गेला आणि सूचना मागविल्या गेल्या. पुढे सुमारे ७,६३५ दुरुस्त्या आल्या, त्यांपैकी २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. तीन वाचने झाली. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान स्वीकृत झाले. एवढे करूनही आपल्याकडून चूक राहणारच नाही असा दावा नाही. पुढे बदल कसा करावा याची रीत कलम ३६८ मध्ये लिहून ठेवली. मसुदा लिहिणाऱ्याने टीकेला भ्यायचे नसते, हा धडा बाबासाहेबांनी आपल्याला घालून दिला आहे.

आपली मुले-मुली आज पुण्याला हिंजवडीत संगणकाच्या कामावर जातात. कोणी सांगते, "मी फक्त चाचणीच्या कामावर आहे." त्या 'फक्त'मध्ये कमीपणा मानू नका. दुसऱ्याची चूक लोकांपर्यंत पोहोचण्याआधी अडविणारा माणूस गरिबाचे रान वाचवितो. तुमच्या पद्धतीत एक प्रश्न मात्र जरूर घाला: हे ज्याच्यासाठी बनविले, त्याला दाखविले का?

आणि घरच्यांनी एवढे करावे. आपला सातबारा व आठ-अ काढावा. जुन्या हस्तलिखित उताऱ्याशी नाव, गट क्रमांक, क्षेत्र एकेक अक्षर, एकेक आकडा ताडून पाहावा. लेखनाची चूक आढळल्यास महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करावा, जुन्या उताऱ्याची प्रत जोडावी आणि अर्जाची पोच घ्यावी. वस्तीतील शिकलेल्या मुलांनी एक रविवार विहारात बसून सर्वांचे उतारे तपासून द्यावेत.

आजींचा सातबारा दुरुस्त झाला. पण त्याला महिने लागले आणि त्या वर्षीची पेरणी सावकाराच्या पैशावर झाली. परवा त्या बाजारात भेटल्या. म्हणाल्या, "भाऊ, आता चावडीवर काही वाचायचं असलं की मी पुढं जाऊन बसते."

जयभीम!