मे महिन्यातली कुलुपे

वार्षिक परीक्षा संपल्या की आपल्यापैकी काही जण मुंबईची वाट धरतात. कुणाला टाऊन हॉलमधील एशियाटिक सोसायटीत जुनी नियतकालिके चाळावयाची असतात, कुणाला १८९८ साली स्थापन झालेल्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात बसावयाचे असते, तर कुणाला नाट्यशिबिराचे वेड असते. एस. टी.चे भाडे जमते, वडापाववर दिवसही निघतो. अडते ते रात्री. पाठ टेकायची कुठे?

एके काळी याचे उत्तर एका शब्दात मिळे : मामा! चाळीच्या गॅलरीत सतरंजी अंथरली की भाच्याची सोय झाली. आज चाळी पडताहेत, आणि वन-रूम-किचनमध्ये मामाचाच मुलगा अभ्यासाला कोपरा शोधतो. मामा बदलला नाही हो, गॅलरी गेली.

गरीब माणसाने मात्र हा प्रश्न आपल्या परीने सोडविला होता. कोकणातील गावांनी गिरणगावात गावकीच्या खोल्या घेतल्या. एकेका खोलीत गावचे कितीतरी गडी राहत. एक पाळीवर गेला की त्याच्या जागेवर दुसरा झोपे. जेवण खानावळवाल्या बाईकडे. या खानावळवाल्यांची संघटना प्रेमा पुरव यांनी १९७५ साली ‘अन्नपूर्णा महिला मंडळा’च्या रूपाने बांधली. गोव्यातील खेड्यांचे ‘कूड’ धोबी तलाव, माझगाव भागांत उभे राहिले. जहाजावर चाकरी मिळेपर्यंत गोवेकर खलाशी तेथे आपली पेटी ठेवून राही. १९८२ च्या संपानंतर गिरणगाव ओसरले, आणि त्या खोल्यांचे महत्त्वही.

राहिली लॉजे. मुंबईच्या १९४७ च्या भाडे-नियंत्रण कायद्याच्या नावातच ‘हॉटेल व निवासगृह दर’ हे शब्द होते; म्हणजे उतारूची अडवणूक होते हे सरकारला तेव्हाही ठाऊक होते. आजचा कायदा निराळाच न्याय करतो. हजार रुपयांखालील खोलीला असलेली जीएसटीची माफी १८ जुलै २०२२ पासून गेली. पुढे जुलै २०२४ मध्ये दरमहा माणशी वीस हजारांपर्यंतच्या निवासाला सवलत मिळाली, परंतु सलग नव्वद दिवस राहणाऱ्यालाच. महिनाभर अभ्यासाला येणारा विद्यार्थी ना धड प्रवासी, ना धड रहिवासी! त्यातून ती मुलगी असेल तर विचारूच नका. एकट्या मुलीला खोली देताना लॉजचा व्यवस्थापक चारदा वर-खाली पाहतो, आणि घरचे ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणतात. ते पुढचे वर्ष बहुधा येत नाही.

आणि याच मे महिन्यात मुंबईतील महाविद्यालयांच्या वसतिगृहांत कितीतरी खोल्या कुलूपबंद असतात. माझे म्हणणे एवढेच, की ही कुलुपे काढा. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स सुट्टीत आपली वसतिगृहे पाहुण्यांना भाड्याने देते. एडिंबर्गचे विद्यापीठही देते. त्यांना जे पैशासाठी साधते ते आपल्याला विद्यार्थ्यांसाठी का साधू नये?

रंगरंगोटी सुट्टीतच करावी लागते, हा आक्षेप खरा आहे. पण ती मजल्यामजल्याने करता येते. जबाबदारी कुणाची, हा दुसरा आक्षेप. प्राचार्यांचे पत्र, ओळखपत्र, थोडी अनामत आणि रात्री दहाची वेळ, एवढ्यावर भागेल. पहारेकरी तर तसाही पगारावर असतोच. गादी नको, पंखा चालू हवा. मुलींच्या वसतिगृहांपासून आरंभ केला तर अधिक बरे.

मुंबईकरांना हे सांगण्यापूर्वी आपल्या अंगणात पाहावे. आपल्या वसतिगृहालाही मे महिन्यात कुलूपच असते. इकडची बोली, इकडची लोकगीते ऐकायला एखादी मुंबईची विद्यार्थिनी येऊ म्हणाली, तर तिला आपण कुठे उतरवणार? येत्या एप्रिलमध्ये आपल्या प्राचार्यांनी चार खोल्या मोकळ्या ठेवाव्यात आणि तसे पत्र मुंबईच्या दोन-तीन महाविद्यालयांना धाडावे. बदल्यात त्यांच्याकडे चार खाटा मागाव्यात.