आजोबांच्या गिटारला भोक पाडायचं का?

शीव कोळीवाड्यातला आमचा सातवीचा एक विद्यार्थी परवा आजोबांची गिटार घेऊन शाळेत आला. बरीच वर्षं माळ्यावर पडून होती. घरच्या हळदीत वाजवायची म्हणून त्याला तिच्यात पिकअप बसवायचाय. त्यासाठी तळाशी, पट्टा अडकवायच्या जागी, साधारण १२ मिलिमीटरचं भोक पाडावं लागतं. वडील म्हणाले, "हात लावायचा नाही. बाबांची आठवण आहे." शेवटी दोघंही माझ्याकडे आले, "बाई, तुम्हीच सांगा."

मी आधी त्याला ती वाजवायला लावली. दोन मिनिटांत बोटं लाल! खरी अडचण आवाजाची नव्हतीच. बाराव्या फ्रेटवर तार अडीच-तीन मिलिमीटर उंच असली की पुरे, इथे ती जवळजवळ ५ होती. अशा गिटारवर शिकणारं मूल महिन्याभरात कंटाळतं, आणि आपण म्हणतो, "याला आवडच नाही."

म्हणून माझं मत असं. बदल करण्याआधी एकच प्रश्न विचारावा: हे पुन्हा पहिल्यासारखं करता येईल का?

तारा बदलल्या, तर येईल. पण नायलॉनच्या गिटारला स्टीलच्या तारा लावू नयेत. नायलॉनचा एकूण ताण ४० किलोच्या आसपास, स्टीलचा ७०च्या पुढे, ब्रिज उखडतो. तारा उंच असतील तर आधी पावसाळी दमटपणाने ब्रिज सुटलाय का, मान वाकलीय का, हे कारागिराकडून तपासून घ्यावं. दोन्ही ठीक असेल तर नवीन सॅडल बसवून घासावा. १ मिलिमीटर उतरवायला २ मिलिमीटर घासावं लागतं. जुना सॅडल जपून ठेवावा. आवाजासाठी मधल्या गोल भोकात अडकवायचा पिकअप मिळतो, लाकडाला धक्का लागत नाही. भोक मात्र कायमचं.

मग मोठे बदल करूच नयेत का? तसं नाही. पं. ब्रिजभूषण काबरा यांनी हवाईयन गिटार रागसंगीताला साजेशी करून घेतली. पं. विश्वमोहन भट्ट यांनी तिला चिकारी आणि तरफेच्या तारा जोडून मोहनवीणा घडवली, १९९४ साली त्यांना ग्रॅमी मिळालं. पण काय वाजवायचंय हे त्यांना आधी ठाऊक होतं. बदल त्यानंतर आला.

वडिलांनाही मी एक सांगितलं: माळ्यावर ठेवून गिटार जपली जात नाही. उष्णता, दमटपणा आणि ताणलेल्या तारा तिला गुपचूप वाकवत असतात. आजोबांनी ती वाजवायला घेतली होती, ठेवायला नाही.

सध्या नवीन तारा आणि नवीन सॅडल एवढंच ठरलंय. हळदीला गोल भोकातला पिकअप चालेल. वर्षभर रोज वाजवून झाल्यावरही मुलाला भोक हवंच असेल, तर मी त्याच्या बाजूने बोलेन. वडिलांनी ते कबूल केलंय, जरा नाखुशीनेच.

तुमच्या घरी माळ्यावर काय आहे? एकदा खाली काढून मुलाच्या हातात द्या.