डॉक्टर व्हायचे, मग आहारशास्त्र कशाला?

गेल्या आठवड्यात एक परिचित गृहस्थ मुलीला घेऊन दवाखान्यात आले. आजारी कोणीच नव्हते. मुलीला नीट परीक्षेत दुसऱ्यांदाही पुरेसे गुण पडले नव्हते आणि आता तिने आहारशास्त्राच्या बी.एस्सी.ला जायचे ठरवले होते. नीटचा अभ्यासही सोडायचा नव्हता. "डॉक्टर, हिला जरा समजावा. डॉक्टर व्हायचं म्हणते आणि स्वयंपाक शिकायला निघालीय." मुलगी खाली मान घालून बसली होती.

मी समजावले, पण त्या गृहस्थांना.

आधी कटू गोष्ट सांगतो. या पदवीचा एकही गुण वैद्यकीय प्रवेशाला मिळत नाही. नीटच्या 720 पैकी 360 गुण जीवशास्त्राचे, बाकीचे निम्मे निम्मे भौतिक आणि रसायनशास्त्राचे. आहारशास्त्र शिकून भौतिकशास्त्र सुधारत नाही. कमाल वयाची अट मात्र 2022 मध्ये उठली, त्यामुळे पदवीनंतरही दार उघडे राहते.

मग मी तिच्या बाजूने का? त्याला माझीच एक चूक कारण आहे. इंटर्न असताना माझ्याकडे एक शेतमजूर बाई यायच्या. हिमोग्लोबिन सात. लोहाच्या गोळ्या दिल्या, दोन महिने झाले तरी आकडा हलेना. बाई गोळ्या फेकून देत असणार, असे मी मनाशी ठरवून टाकले आणि त्यांना रागावलोही. रुग्णालयातल्या आहारतज्ज्ञ बाईंनी एवढेच विचारले, "गोळी कशाबरोबर घेता?" "चहाबरोबर. सकाळी कामावर जाताना." चहातल्या टॅनिनमुळे लोह नीट शोषले जात नाही. गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्या आणि चहा तासा-दोन तासांनी, एवढ्या बदलावर आकडा चढू लागला. आपल्या राज्यातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे, आणि मला हा प्रश्न विचारायचे सुचले नव्हते! एम.बी.बी.एस.ला आहार हा स्वतंत्र विषय नाही. थोडा जीवरसायनशास्त्रात, थोडा सामाजिक वैद्यकशास्त्रात, असा तो विखुरलेला असतो आणि परीक्षेच्या धांदलीत सहज निसटतो.

त्यात आणखी एक भर. 2024 पासून नीटच्या अभ्यासक्रमातून 'पचन आणि शोषण' हे प्रकरणच गेले. म्हणजे अन्न आतड्यातून रक्तात कसे जाते, हे मन लावून न वाचताही मूल वैद्यकीय महाविद्यालयात पोहोचू शकते. लहान आतड्यात ग्लुकोज आणि सोडियम जोडीने आत ओढले जातात आणि त्यांच्यामागोमाग पाणी जाते. जलसंजीवनीचे सारे मर्म यातच आहे. 1971 मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला, सलाइन अपुरे पडले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच साखर-मिठाच्या पाण्यावर असंख्य जीव वाचवले. आज पाकिटातल्या पावडरीत एक लिटरसाठी ग्लुकोज साडेतेरा ग्रॅम आणि मीठ 2.6 ग्रॅम असते. हे प्रमाण उगीच ठरलेले नाही. साखर फार झाली तर आतडे उलट पाणी बाहेर सोडते आणि जुलाब वाढतात. तरीही जुलाब झालेल्या बाळाला शीतपेय पाजून आणणारे पालक मला दर उन्हाळ्यात भेटतात. त्यात शिकलेलेही असतात.

'स्वयंपाक' या शब्दाचा मला तर राग येतो. ताटात काय पडते यावर निम्मे दवाखाने चालतात, माझाही.

मुलीला मी दोनच गोष्टी सांगितल्या. प्रवेश घेण्याआधी विषयांची यादी नीट वाच. जीवरसायन, शरीरक्रियाशास्त्र आणि रुग्णालयातले प्रत्यक्ष काम असेल तरच जा; काही ठिकाणी सारा भर बेकरी आणि केटरिंगवर असतो. आणि रोज पहाटेचा तास भौतिकशास्त्राला दे, कारण तुझे गुण तिथेच गेलेत. तिने मान वर करून पहिल्यांदाच विचारले, "आणि तिसऱ्यांदाही नाही जमलं तर?"

तर आहारतज्ज्ञ हो, म्हटले. मला त्या दिवशी डॉक्टर नव्हे, आहारतज्ज्ञच उपयोगी पडली होती. वडील काही बोलले नाहीत. जाताना मात्र त्यांनी विचारलेच, "गोळी खरंच चहाबरोबर घ्यायची नसते? आमची ही तशीच घेते."