मथळ्याखालची रेघ

अमरावतीत किंवा अकोल्यात टायपिंग सेंटरवरून ठराव, अर्ज, प्रकल्प अहवाल करून आणा. मथळा बहुधा मोठा, ठळक, मधोमध आणि शिवाय अधोरेखित होऊन येतो. यातली शेवटची गोष्ट आता सोडायला हवी. टंकयंत्रावर ठळक अक्षर नव्हतं, म्हणून मथळ्याखाली रेघ मारत. संगणक आला तरी ती सवय राहिली. पण आपल्या लिपीत उकार आणि ऋकार ओळीच्या खाली उतरतात. ‘मूर्तिजापूर’ किंवा ‘चांदूर बाजार’ अधोरेखित करून पाहा, रेघ नेमकी त्या उकारांवरून जाते. इंग्रजीची नक्कल करून अक्षरं लांब लांब ठेवली, तर शिरोरेषा तुटते आणि ‘अकोला’ तीन तुकड्यांत दिसतं. कॅपिटल अक्षरं देवनागरीत नाहीत, आणि मला ती उणीव कधीच वाटली नाही. पोथ्यांचे लेखनिक सलग मजकुरात दुहेरी दंड देत, महत्त्वाच्या शब्दांवर गेरू फिरवत; वाचणाऱ्याला वाट सापडे. आपल्याच रिद्धपुरात, तेराव्या शतकात, म्हाइंभटांनी सिद्ध केलेलं लीळाचरित्र एकांक, पूर्वार्ध, उत्तरार्ध अशा भागांत आणि एकेका लीळेत मांडलेलं आहे. मराठी गद्याच्या आरंभीच मांडणीची ही जाण होती! आज तर काम सोपं आहे: मजकुरापेक्षा थोडा मोठा, ठळक टाइप, मथळ्याच्या वर जास्त जागा, खाली कमी, म्हणजे तो आपल्या परिच्छेदाला धरून राहतो. मथळ्याच्या शेवटी पूर्णविराम नको.