कीव नको, हिशेब दाखवा



जिल्हा मेळाव्याच्या आदल्या रात्री मुक्कामाला येणाऱ्यांसाठी पडदा लावून एक सिनेमा दाखवायचा, असं बैठकीत ठरलं. कोणता दाखवायचा, यावर मात्र दोन तास वाद झाला. एक कार्यकर्ता म्हणाला, "असा दाखवा, की बायामाणसं ढसाढसा रडली पाहिजेत." दुसरा म्हणाला, "रडणं घरी काय कमी आहे? हसवणारा दाखवा." मी दोघांच्याही विरोधात बोललो. तेच इथं सविस्तर लिहितो.

माणसाला रडवायला कांदाही पुरतो. शेतकऱ्यावरचे बरेच सिनेमे कांद्याचंच काम करतात. भेगाळलेली जमीन, आभाळाकडे लागलेले डोळे, फाटकं धोतर आणि शेवटी झाडाला दोर. मेलेल्या माणसाने किती एकर पेरलं होतं? बियाणं कोणाकडून उधार घेतलं? किती क्विंटल कापूस निघाला आणि कोणत्या भावाने गेला? यातलं एकही पडद्यावर येत नाही. शहरातला प्रेक्षक डोळे पुसतो, 'बिचारे' म्हणतो आणि हलका होऊन घरी जातो. त्याच्याकडे कोणी काही मागितलेलंच नसतं. कीव भिकाऱ्याची करतात. ज्याच्या मालाचे पैसे बाकी आहेत, त्याला हिशेब द्यावा लागतो.

हे मी स्वतःला वगळून लिहीत नाही. कृषीची पदवी घेऊन नोकरीला लागलो, तेव्हा गावोगाव पडदा लावून सुधारित शेतीच्या फिल्मा मीच दाखवायचो. त्यात पऱ्हाटी कायम हिरवीगार, बोंडं टपोरी, एकरी उत्पादन वाढलेलं. एका गावात एक म्हातारे कास्तकार उठले आणि म्हणाले, "साहेब, समदं झाक आहे. पण यातला माणूस कापूस विकतो कवा?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. फिल्म वेचणीपाशीच संपत होती. आपलं मरण वेचणीनंतर सुरू होतं.

आता बिमल रॉय यांचा १९५३ सालचा 'दो बीघा जमीन' पाहा. शंभूची दोन बिघे जमीन जमीनदाराला कारखान्यासाठी हवी आहे. शंभू नाही म्हणतो, तर जमीनदार कर्ज काढून दाखवतो. शंभूच्या हिशेबाने देणं ६५ रुपये. घरातलं किडूकमिडूक, बायकोच्या कानातलंसुद्धा विकून तो पैसे घेऊन जातो. तिथं कागद बाहेर निघतो आणि देणं होतं २३५ रुपये. कोर्टातही कागदच खरा ठरतो. मुदत तीन महिने. शंभू कलकत्त्याला जातो आणि माणसाने ओढायची रिक्षा धरतो.

माझ्या मते हा सिनेमा काळजाला हात घालतो, तो या ६५ आणि २३५ मध्ये. शंभू रडत गेला नव्हता, मोजून गेला होता. तो आळशी नाही, व्यसनी नाही, त्याचा हिशेब चुकलेला नाही. तरी तो हरतो. आपण पाहतो तेव्हा त्याची दया येत नाही, आपलीच पावती आठवते. पुढे एक गिऱ्हाईक जास्त पैशाची लालूच दाखवत त्याला अजून जोरात पळायला लावतं आणि चाक निखळून तो पडतो. तिथंही कोणी भाषण करत नाही. शेवटी आपल्याच जमिनीवर कारखाना उठताना तो तारेबाहेरून पाहतो, मूठभर माती उचलतो आणि पहारेकरी ती टाकायला लावतो. बलराज साहनींनी या कामासाठी रिक्षा ओढायची सवय केली होती. ते ओढणं खोटं असतं, तर ही मूठभर मातीही खोटी वाटली असती.

आमच्यातले काही मित्र म्हणतात, "प्रश्न जमीनदार-सावकाराचा नाही, भावाचा आहे. असे सिनेमे दिशाभूल करतात." यात अर्ध खरं आहे. १९५७ च्या 'मदर इंडिया'त सगळं पाप एकट्या सुखीलालाच्या माथी येतं. बिरजू त्याला मारतो. पण सुखीलाला मेला म्हणून कापसाचा भाव चढतो काय? १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तेव्हा आपल्याकडचा कापूस तेजीत आला. युद्ध थांबलं, भाव कोसळला, सावकाराने हात आखडला आणि सरकारने शेतसारा वाढवला. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यात सुप्याच्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले. कागद जळले, भाव काही वर आला नाही. पण भावाला मिशा नसतात. त्याला घोड्यावर बसवता येत नाही. म्हणून सिनेमावाल्यांना तो दिसत नाही.

तरी दाखवायचं म्हटलं तर दाखवता येतं. श्याम बेनेगलांचा १९७६ चा 'मंथन' पाहा. दुधाची तपासणी कशी होते, खाजगी डेअरीवाला किती देतो आणि सोसायटी किती देऊ शकते, यावर तिथं गाव पेटतं. भाव हीच त्या सिनेमाची गोष्ट आहे. गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये घालून तो काढला. ती माणसं तो बघायला गेली, ती मालक म्हणून. कापूसवाल्यांनी असा सिनेमा का काढू नये, हे कोणी मला सांगावं.

राहिला सतीश मनवरांचा 'गाभ्रीचा पाऊस', २००९ चा, आपल्या विदर्भातला. शेजारच्या घरात आत्महत्या होते. अलकाला धास्ती बसते, की आपला किसना पण काही करून घेईल. ती त्याला गोडधोड करून घालते आणि पोराला त्याच्या मागे पाळतीवर लावते. किसना वैतागतो. एका गावात हा सिनेमा चालू असताना मागं बसलेल्या बाया या युक्तीवर खळखळून हसल्या आणि मग एकदम गप्प झाल्या. आपल्या घरी काय चालतं, ते त्यांना दिसलं होतं. आधी हसू आलं, म्हणूनच ते गप्प होणं खरं होतं. शेवट इथं सांगत नाही.

आता मेळाव्याचं. येणाऱ्या बहिणींपैकी काहींच्या घरात हेच घडून गेलं आहे. त्यांच्या लेकरांसमोर पडद्यावर दोर टांगून आपण काय साधणार? ढसाढसा रडवण्याची मागणी करणाऱ्या मित्राने आधी त्या लेकरांच्या शेजारी बसून पाहावं. मरण हाच शेतकऱ्याच्या गोष्टीचा शेवट, असं आपणच आपल्या पोरांना शिकवायचं नाही. म्हणून 'गाभ्रीचा पाऊस' त्या बहिणींना विचारल्याशिवाय लावू नये. त्या हो म्हणाल्या, तर जरूर लावावा.

या वर्षी 'दो बीघा जमीन' लावा, असा माझा आग्रह आहे. येताना प्रत्येकाने गेल्या हंगामाच्या कापसाची काटापावती आणि कृषी केंद्राच्या उधारीचं बिल खिशात आणावं. सिनेमा संपून दिवे लागले, की पुढाऱ्यांनी स्टेजवर चढू नये. माईक आधी बायांकडे द्यावा. शंभूचे ६५ आणि २३५ पाहून झाल्यावर आपापल्या पावत्या काढा आणि मोठ्यांदा वाचा. सकाळच्या ठरावाचा मसुदा त्यातूनच निघेल.