कात्री, खळ आणि मराठी अक्षर

वृत्तपत्रांच्या संपादन विभागात एके काळी कात्री आणि खळीची वाटी ही लेखणीइतकीच आवश्यक साधने होती. परिच्छेद वर न्यायचा तर कागद कापावा आणि योग्य जागी डकवावा. संगणकावरील ‘कट’ आणि ‘पेस्ट’ ही नावे याच व्यवहारातून आली. झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात १९७५च्या सुमारास लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी ‘जिप्सी’ ही लेखनप्रणाली रचली, ती गिन या पाठ्यपुस्तक प्रकाशनसंस्थेच्या संपादकांसाठी. माणसे काम कसे करतात ते आधी पाहावे आणि यंत्राला त्याप्रमाणे वळवावे, हा त्यांचा क्रम होता.

त्याच केंद्रातील आधीच्या ‘ब्राव्हो’ प्रणालीत आज्ञा देण्याची अवस्था वेगळी आणि लिहिण्याची वेगळी. आज्ञेच्या अवस्थेत असताना कोणी चुकून ‘एडिट’ हा इंग्रजी शब्द टंकला, तर पहिल्या अक्षराने सारा मजकूर निवडला जाई, दुसऱ्याने पुसला जाई, तिसऱ्याने नवे लेखन सुरू होई आणि पडद्यावर उरे ते एकटे चौथे अक्षर! अशा अवस्थांचा टेस्लर यांना इतका तिटकारा, की मोटारीच्या क्रमांकपाटीवरही त्यांनी तो नोंदवला होता. २०२०मध्ये ते निवर्तले. त्यांनी रुजवलेली सोय आज शाळकरी मुलेही सहज वापरतात.

मराठीच्या वाट्याला मात्र ही सोय अर्धीच आली आहे. मजकूर उचलला जातो तेव्हा अक्षराची आकृती हलत नाही, तिच्यामागील क्रमांक हलतो. युनिकोडच्या १९९१च्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरीला स्वतःचे क्रमांक आहेत. जुन्या फॉन्टांत मात्र रोमन अक्षरांच्याच क्रमांकांवर मराठी आकृत्या चढवलेल्या असत. अशा फाइलीतला परिच्छेद उचलून पत्रात डकवला, की तो अंगरखा गळून पडतो आणि रोमन अक्षरांचा व चिन्हांचा निरर्थक ढीग समोर येतो. त्यात शब्द शोधता येत नाही. दृष्टिहीन वाचकाला तो मजकूर यंत्राकडून वाचून घेता येत नाही. डोळ्यांना शुद्ध दिसणारा हा मजकूर संगणकाच्या लेखी मराठी नसतोच.

जुन्या पानजुळणी-प्रणालींना युनिकोडमधील मराठी मांडता येत नसे, ही सबब एके काळी खरी होती. आता ती चालण्यासारखी नाही. अहवाल असो वा ग्रंथ, सार्वजनिक पैशातून छापल्या जाणाऱ्या प्रत्येक कामाच्या निविदेत ‘मजकूर युनिकोडमध्येच द्यावा’ ही अट घालण्यास एक ओळ पुरते. जुन्या फाइलींचे काम अधिक किचकट आहे. रूपांतर करणाऱ्या आज्ञावल्या उपलब्ध आहेत, परंतु जुन्या फॉन्टांत ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी टंकलेली असते, रफाराची जागाही निराळी, आणि जोडाक्षरांत यंत्र हमखास घसरते. म्हणून रूपांतरित पान मुद्रितशोधकाच्या नजरेखालून गेलेच पाहिजे, आणि त्याच्या मेहनतान्याची तरतूद त्याच अंदाजपत्रकात असली पाहिजे.