विश्लेषण : ऐनवेळी उमेदवारानेच माघार घेतली तर?

तब्बल ११ लाख ७५ हजार ९२ मतांनी विजय! २०२४च्या लोकसभा निवडणुकीत इंदूरचे विद्यमान खासदार, भाजपचे शंकर लालवानी यांचे हे मताधिक्य लाट आल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात त्यांच्यासमोर प्रमुख विरोधी पक्षाचा उमेदवारच नव्हता.

नेमके काय घडले?

काँग्रेसचे अक्षय कांती बम यांनी २९ एप्रिलला, अर्ज मागे घेण्याच्या शेवटच्या दिवशी, माघार घेतली आणि ते भाजपमध्ये गेले. काँग्रेसचा पर्यायी अर्ज छाननीतच बाद झाला होता. न्यायालयातही दिलासा मिळाला नाही. अखेर पक्षाने ‘नोटा’चे आवाहन केले. नोटाला २ लाख १८ हजार ६७४ मते पडली, तर दुसऱ्या क्रमांकावरील बसप उमेदवाराला ५१ हजार ६५९.

तसेही तेच जिंकले असते ना?

बहुधा हो. सुमित्रा महाजन यांना सलग आठ वेळा निवडून देणारा हा मतदारसंघ १९८९पासून भाजपचा गड आहे. पण २०१९मध्ये काँग्रेसलाही येथे पाच लाखांहून अधिक मते होती. हरणाऱ्याला मत देणे हाही मतदाराचा हक्कच, आणि तोच हिरावला गेला.

नोटा पुरेसा नाही का?

नाही. नोटाला सर्वाधिक मते मिळाली, तरी त्याखालोखाल मते घेणारा उमेदवार विजयी ठरतो. महाराष्ट्र राज्य निवडणूक आयोगाने २०१८मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी अशा वेळी फेरनिवडणुकीची तरतूद केली. पण इंदूरमध्ये नोटाचा वाटा सुमारे १४ टक्के होता. तो नियम लागू असता, तरी निकाल बदलला नसता.

मग उपाय काय?

तो कायद्यातच दडला आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ५२नुसार मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराचा मतदानापूर्वी मृत्यू झाला, तर मतदान पुढे ढकलून पक्षाला नवा उमेदवार देण्यासाठी सात दिवस मिळतात. उमेदवाराने शेवटच्या दिवशी पाठ फिरवली, तर मात्र काहीच नाही. तेव्हाही पक्षाला दोन-तीन दिवस द्यावेत. यातून निवडणूक लांबवण्याचे डाव खेळले जातील, ही भीती रास्त आहे. म्हणून मतदानाची तारीख बदलू नये. इंदूरमध्ये मतदान १३ मे रोजी होते, म्हणजे हाताशी दोन आठवडे होते.

पक्ष आपला उमेदवार सांभाळू शकला नाही, हे त्याचे अपयश. त्याची शिक्षा मतदाराला कशासाठी?